आमच्या साडूंचा जागतिक तह

जगात शांतता टिकवण्याची जबाबदारी ज्या मोजक्या माणसांच्या डोक्यावर आहे, त्यांत आमच्या साडूंचा नंबर फार वरचा लागतो. अडचण एवढीच की बाकीच्यांना हे अजून कुणी कळवलेलं नाही. बाकीचे कुठल्याशा परदेशी शहरात गोल टेबलाभोवती कोट घालून बसतात, आणि आमचे साडू भोर आणि वेल्हे तालुक्यांच्या शिवेवरच्या एका वाडीत, पडवीतल्या बाजेवर, बंडी घालून बसतात. काम मात्र एकच. मी राहतो किकवीत, हायवेला. रोज सकाळी चहाची बशी तोंडाला लावतो न लावतो तोच त्यांचा फोन येतो. राम राम नाही, तब्येत कशी नाही, एकदम "साडूभाऊ, बोलणी फिसकटली बरं का." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातली बशी हिंदकळली, कारण त्यांच्या धाकट्याच्या लग्नाची बोलणी तेव्हा शिवऱ्यात चालू होती. मी घाबरून विचारलं, मुलीकडचे काय म्हणाले? तर म्हणे मुलीकडचे कुठले, जिनिव्हाची बोलणी. तिथे सगळे देश बसले होते, आपला आपण नेम धरून गोळी झाडणारी यंत्रं असावीत की नसावीत हे ठरवायला, आणि शेवटी ठरलं काय, तर पुन्हा एकदा बसायचं. मी जन्मभर एसटीच्या स्टँडवर माईकसमोर बसून गाड्या पुकारल्या. हिर्डोशीची पुकारली, वेल्ह्याची पुकारली. पण जिनिव्हाची गाडी रखडली म्हणून सकाळी सकाळी माझ्या घरी फोन यावा हे माझ्या नशिबात कुणी लिहिलं, ते मला अजून उमगलेलं नाही.

नात्यानं सांगायचं तर त्यांची बायको ती माझ्या बायकोची थोरली बहीण. म्हणजे आम्ही दोघं एकाच घरचे जावई, आणि दोन जावयांत असतो तेवढा मत्सर आमच्यातही होता. सासुरवाडीला त्यांचा मान मोठा, कारण ते फौजेत, बिनतारी संदेशाच्या कामावर; आणि मी स्टँडवर. त्यात त्यांना एकदा शांतिसेनेतून आफ्रिकेत पाठवलं. कुठल्या देशात, ते सांगत नाहीत. गुप्त आहे म्हणतात. मेहुणी म्हणते, गुप्त कसलं डोंबल, नाव जिभेवर बसत नाही म्हणून. तिथे एका नदीच्या दोन काठांवर दोन सैन्यं होती आणि मधल्या बेटावर हे, निळी टोपी घालून. काम काय, तर आधी कोण झाडतं ते बघायचं आणि कळवायचं. आपण झाडायची नाही. परत आले ते ही सवय घेऊनच. त्यांना कुठेही दोन माणसं दिसली की त्या दोन बाजू वाटतात आणि मधली मोकळी जागा आपली वाटते. लग्नात ते वरपक्षातही बसत नाहीत आणि वधूपक्षातही बसत नाहीत. बरोबर मध्ये खुर्ची टाकतात, आणि मानपानावरून आवाज चढला की उठून दोन्हीकडे हात करतात. एकदा वाडीतल्या दोन चुलतभावांचा बांधावरून तंटा लागला. बांध इकडून कोरला जाई, तिकडून कोरला जाई. साडूंनी दोघांना समोरासमोर बसवून मध्ये हातभर रुंदीचा पट्टा आखून दिला आणि जाहीर केलं की हा निर्लष्करी पट्टा, इथे कुणी पेरायचं नाही, कुणी जनावर सोडायचं नाही. दोघं कबूल झाले. पुढच्या पावसात तिथे गवत असं माजलं की साडूंचीच शेळी त्यात चरताना सापडली. शेळी निरीक्षक म्हणून गेली होती, असा खुलासा त्यांनी केला. पण त्या दिवशी ते दोघे भाऊ शेळीच्या नावानं बोटं मोडण्यासाठी का होईना, कैक वर्षांनी एकमेकांशी बोलले.

असा माणूस यंत्रांच्या बुद्धीच्या मागे कसा लागला, तर त्याला कारण त्यांचा मोबाईल. पोरानं घेऊन दिलेला, तोंड बघून उघडणारा. साडूंनी एकदा कसल्याशा नवसापायी मिशी उतरवली आणि तेव्हापासून मोबाईल उघडेना. समोर धरला, आडवा धरला, टोपी घालून बघितलं, टोपी काढून बघितलं. शेवटी मेहुणीनं चुलीतल्या कोळशानं त्यांच्या ओठावर झकास मिशी काढून दिली तेव्हा कुठे तो उघडला. घरातली सगळी हसून बेजार झाली. साडू मात्र कोळशाच्या मिशीत गंभीर बसून राहिले. मग मला म्हणाले, "ह्यो रोज माज्या खिशात ऱ्हातो, आन मिशी गेली तर मला वळखत न्हाई. मंग ह्याच्या भावाच्या हातात बंदूक दिली तर त्यो दुश्मन कसा वळखणार?" मी हसण्यावारी नेलं. पण त्या दिवसापासून जगात या विषयावर जिथे म्हणून बैठक होईल तिथली खडान्‌खडा माहिती ते ठेवू लागले. एक देश म्हणतो नियम जरूर करा, पण आमचं यंत्र तयार झाल्यावर करा. दुसरा म्हणतो आधी त्यानं सोडावं मग आम्ही सोडतो. तिसरा कानावर हात ठेवून म्हणतो की आमच्याकडे असलं काही नाहीच. साडूंना हे सगळं भावकीतल्या भांडणासारखं स्वच्छ कळायचं. विषारी वायू सगळ्यांनी मिळून बंद केला की नाही, सुरुंग पेरणं पुष्कळांनी सोडलं की नाही, मग इथेच घोडं कुठं पेंड खातंय, असं ते मला भोरच्या स्टँडवर, माझ्या केबिनीत येऊन, बाजाराच्या ऐन गर्दीत विचारायचे. बाहेर लोक गाडीसाठी कावलेले, आणि आत हे सुरुंगांचं घेऊन बसलेले.

त्यांची एक गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की माईकवरून म्हणून दाखवीन. त्या नदीच्या पलीकडून एकदा गोळी आली आणि अलीकडच्या बाजारात एका बाईच्या डोक्यावरचं मडकं फुटलं. बाई वाचली, पण दोन्ही काठांवर बंदुका सरसावल्या. तेवढ्यात पलीकडून एक तरुण अधिकारी एकटाच होडीत बसून, हात वर करून आला. म्हणाला, माझ्या माणसानं झाडली, डुलकी लागली होती त्याला, चूक आमची आहे. त्या बाईनं त्याला भर बाजारात अशा शिव्या घातल्या की दुभाषा लाजला. आणि एवढ्यावर युद्ध टळलं. "शिव्या खायाला कुनीतरी यावं लागतं, साडूभाऊ," असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहायचे. "यंत्रानं झाडल्यावर होडीत कोन बसणार?" मी म्हणायचो, तुम्ही बसा, आणि पुढची गाडी पुकारायचो. या गोष्टीतूनच त्यांचा तह निघाला होता. साऱ्या जगासाठी एकच कलम: यंत्रानं सांगावं, माणसानं ठरवावं, आणि ठरवणाऱ्याचं नाव दोन्ही काठांना ठाऊक असावं.

साडूंच्या वाडीखाली एक ओढा आहे. अलीकडे भोर, पलीकडे वेल्हे. पावसाळ्यात तो माणूस वाहून नेईल असा असतो आणि उन्हाळ्यात घोटासुद्धा भिजत नाही. साडू त्याला आंतरराष्ट्रीय सीमा म्हणतात. थट्टेनं म्हणतात, पण त्या थट्टेत थोडा जीव अडकलेला आहे, कारण पलीकडच्या वाडीत त्यांची धाकटी बहीण दिलेली आहे, सुमन. वडील लवकर गेले, तिला यांनीच वाढवलं. फौजेतून सुट्टीवर आले तेव्हा तिच्यासाठी भोरमधली, अगदी पुण्याकडचीही चांगली स्थळं सांगून आली होती. यांनी सगळी नाकारली आणि ओढ्यापलीकडचं घर धरलं, कशासाठी, तर पडवीत बसलं की तिचं अंगण दिसतं म्हणून. दाजी, म्हणजे सुमनचे यजमान, हा अबोल, मानी, बैलांवर जीव असलेला माणूस. संध्याकाळी पलीकडे त्यांच्या अंगणातला दिवा लागला की साडू आत हाक देत, सुमीचा दिवा लागला गं, वाढ आता. दिवा लागायला उशीर झाला तर त्या घरात जेवण उशिरा. भाऊबीजेला तर सकाळी सातलाच न्हाऊन, कडक इस्त्री करून ओढा ओलांडायचे, आणि ओलांडताना इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पांढऱ्याफेक पोटऱ्या सगळ्या जगाला दाखवायचे.

मग रानडुकरं आली. तशी ती आधीपासून होतीच, पण आताशा भुईमूग आणि नाचणी ती आपल्याच बापाची समजायला लागली. पुण्याच्या एका कॉलेजातली पोरं प्रयोग म्हणून साडूंच्या वाडीत एक यंत्र बसवून गेली. खांबावर कॅमेरा, खाली गॅसवर बार काढणारी नळी. कॅमेऱ्यानं डुक्कर ओळखायचं आणि नळीनं धडाम करायचं. गोळी नाही, नुसता आवाज. डुकरं घाबरून ओढ्यापलीकडे गेली. पलीकडची वाडी काय गप्प बसते होय? त्यांनी याहून मोठ्या आवाजाचं आणलं, वर झगमगता दिवाही लावून घेतला. डुकरं परत अलीकडे. साडू दोन्ही वाड्यांत हिंडून सांगत होते की बाबांनो, ही शस्त्रस्पर्धा आहे. लोक म्हणाले, असेना का, भुईमूग वाचतोय ना. शेवटी एका धुक्याच्या सकाळी अलीकडच्या यंत्रानं कशावर तरी बार काढला. त्या आवाजानं पलीकडचं जागं झालं, त्याचा दिवा चमकला. दिव्याला अलीकडचं भुललं. मग जी जुंपली ती दोघांचाही गॅस संपेपर्यंत. लोक घराबाहेर येऊन पलीकडच्यांना शिव्या देत उभे, तुमच्यानं आधी झाडली, नाही तुमच्यानं. धुकं निवळल्यावर बघतात तर डुकरं ओढ्याकाठच्या भुईमुगात शांतपणे न्याहारी करत होती. साडूंना हवी ती संधी मिळाली. त्यांनी कॉलेजातल्या पोरांना बोलावून आपल्या यंत्राचा आपोआप बार बंद करून घेतला. आता कॅमेऱ्याला काही दिसलं की नुसती घंटी वाजायची, आणि खांबाजवळ बाज टाकून बसलेले साडू स्वतः बघून, खात्री करून, बटण दाबायचे. आपोआप बार काढणारं बटण मागच्या बाजूला तसंच होतं, पण त्याला कुणी हात लावायचा नाही असा दंडक. बसायला दुसरं कोण फुकटचं तयार होणार? महिनाभर हा गृहस्थ तिथेच जेवला आणि तिथेच झोपला. घरी या म्हणून मेहुणी कावली, तर जगाला एक तरी नमुना दाखवायला नको का, म्हणाले.

हा नमुना पुण्यापर्यंत पोचला. यंत्रबुद्धी आणि जागतिक शांतता अशा काहीशा विषयावर एका सभागृहात चर्चासत्र होतं, आणि त्या पोरांच्या सरांनी साडूंना बोलायला बोलावलं. काय सांगू त्यांचा आनंद! माझ्यावर फोनवरून भाषणाची तालीम व्हायची, आणि मी जांभई दिली की मागच्या वाक्यापासून पुन्हा सुरू. आदल्या संध्याकाळी ते माझ्याकडे किकवीला मुक्कामाला येणार होते, म्हणजे सकाळची गाडी मिळाली असती. पण यंत्रापाशी बसायला माणूस मिळेना. नाचणीची कापणी चाललेली, जो तो थकून आलेला. पीक तर अगदी हाताशी आलेलं. तेव्हा साडूंनी, एका दिवसाचाच प्रश्न आहे म्हणून, मागचं बटण फिरवलं आणि एसटी धरली. मी भाषणाला हजर होतो. फार सुरेख बोलले. नदी सांगितली, होडी सांगितली, मडकं सांगितलं, आणि यंत्राला कधी एकटं सोडू नका म्हणाले तेव्हा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला. खाली उतरून त्यांनी खिशातला मोबाईल बघितला तर मेहुणीचे फोनावर फोन येऊन गेलेले.

त्या दिवशी सकाळी वाडीत धुकं होतं. दाजी नेहमीसारखे बैलांना पाण्यावर घेऊन ओढ्याच्या कडेनं उतरत होते. पुढे काळा बैल. समोरच अलीकडच्या काठावर असलेल्या साडूंच्या कॅमेऱ्यानं त्याला डुक्कर ठरवलं आणि अगदी जवळून बार काढला. बैल उसळला, शेवाळलेल्या कातळावरून त्याचा पाय गेला आणि तो खालच्या धोंड्यांत पडला तो मान मोडूनच. जोडीतला दुसरा वर उभा राहून हंबरत होता म्हणतात.

आमच्या या डोंगरात एक रीत आहे. तुमच्या जनावरानं कुणाचं पीक खाल्लं, तुम्ही लावलेल्या वणव्यात कुणाची गंजी जळली, तर पोलीस नाही की पंच नाही. आपण होऊन त्याच्या दारात जायचं, काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं आणि पाणी मागायचं. घरधन्यानं पाणी दिलं की मिटलं. मग त्या गोष्टीचा पुन्हा उच्चार नाही. ज्यानं केलं त्यानंच जायचं, दुसऱ्याला धाडायचं नाही, एवढाच नियम. साडू दुसऱ्या दिवशी उजाडताच ओढा उतरले. मीही मागे होतो. दाजी ओट्यावर बसले होते, सुमन दाराच्या आत उभी होती. साडूंनी ताठ उभं राहून, फौजेत वरिष्ठांना सांगावं तसं सगळं सांगितलं. धुकं किती दाट होतं, बैलाचा रंग काळा असल्यानं काय झालं, कॅमेरा कुठल्या बाजूला तोंड करून होता, यंत्राची गफलत नेमकी कुठे झाली. आणि शेवटी म्हणाले की मी त्या वेळी पुण्यात होतो, मला पाणी द्या. सगळं ऐकून दाजी म्हणाले, "म्हंजी तुमी न्हवता."

साडू म्हणाले, न्हवतो.

"मंग तुमी कशाला पानी मागताय? ज्यानं क्येलं त्याला धाडा. मशिनीला पाठवा पानी मागायला."

आणि ते उठून आत गेले. सुमन पदर तोंडाशी धरून क्षणभर उभी राहिली. मग तीही गेली आणि दार लागलं.

त्या दिवाळीत साडू भाऊबीजेच्या सकाळी न्हाऊन, इस्त्रीचे कपडे घालून पडवीत बसले, पण ओढा काही उतरले नाहीत. पाणी न मिळालेल्या माणसानं त्या घरी जायचं नसतं. मेहुणी सांगत होती, पलीकडच्या अंगणात सुमननं ओवाळणीचं ताट तयार करून आणलं, थोडा वेळ ते हातात धरून इकडे तोंड करून उभी राहिली, आणि तसंच आत घेऊन गेली. साडू दुपारपर्यंत जागचे हलले नाहीत. संध्याकाळी दिवा लागला तेव्हा त्यांनी हाक दिली नाही. नुसतं ताट वाढून आलं ते जेवले. आणि माझे सकाळचे फोन बंद झाले. चहा निवांत, गरमागरम प्यायला मिळायला लागला. इतकी वर्षं मी याचसाठी कुरकुर करत होतो, पण खरं सांगतो, तो चहा काही गोड लागेना. जगात काय चाललंय, कोण कुणावर चढून बसलंय, काही कळेना. शेवटी मीच फोन करून विचारायचो, काय म्हणतंय जग? ते म्हणायचे, बरं हाय.

एवढं मात्र खरं की हातपाय गाळून ते बसले नाहीत. त्यांनी दोन्ही वाड्यांना ओढ्यात, वाळूवर समोरासमोर बसवलं आणि तह घडवून आणला. इकडचं असो की तिकडचं, माणूस शेजारी बसल्याशिवाय यंत्र चालू करायचं नाही. माणूस उठला की यंत्र बंद. आणि रोज दिवस मावळताना आज कोण बसलंय त्याचं नाव ओढ्यापलीकडे ओरडून सांगायचं. पहिल्या दिवशी लोक ओरडताना लाजत होते, मग पोरीबाळींनाही त्यात मजा वाटायला लागली. संध्याकाळ झाली की दोन तालुके एकमेकांना हाळी घालतात, आज आमच्यात अमका बसलाय हो, आणि तिकडून उत्तर येतं. जिनिव्हाला जे जमलं नाही ते या ओढ्यात जमलं, असं मी म्हणालो तर साडू कसनुसं हसले. बैठकीला दाजीही आले होते. त्यांनी तहाला मान डोलावली, पण साडूंकडे बघितलं नाही. साडूंची पाळी असली की ते आपलं नाव जरुरीपेक्षा फार मोठ्यानं पुकारायचे. मी आवाजाच्या धंद्यात जन्म घालवला आहे, मला कळत होतं ती हाळी सबंध वाडीला नव्हती. पलीकडून दुसराच कुणीतरी ओ द्यायचा.

यंदा दिवाळी तोंडावर आली तेव्हा मी सहज म्हणून त्यांच्याकडे गेलो. दुपारची वेळ, पडवीत आम्ही दोघंच. त्यांच्या मोबाईलवर बातम्या लागल्या होत्या. कुठल्याशा लढाईत यंत्रानं नेम धरून भलतंच घर उडवलं होतं, आत माणसं होती. एक सुटाबुटातला गृहस्थ सांगत होता की प्रणालीत त्रुटी आढळली आहे, हवामान प्रतिकूल होतं, सखोल चौकशी होईल. बोलला मोठा छान. कुणी सोडलं, कुणाच्या हुकमानं, एक नाव त्याच्या तोंडून निघालं नाही. मला वाटलं, आता साडू खवळणार, तह सांगणार. मी तयारच होतो. पण त्यांनी मोबाईल बंद करून उशाला ठेवला आणि ओढ्याकडे तोंड केलं. मग म्हणाले, "म्या बी असंच बोललो व्हतो, साडूभाऊ. दाजींच्या वट्यावर." मी काही म्हणायच्या आत ते उठले आणि चपला घालून उतरणीला लागले. अंगात बंडी होती, तशीच.

दाजी ओट्यावर कासरा वळत बसले होते. दावणीला एकच बैल. साडू या वेळी ताठ उभे राहिले नाहीत. त्यांना धाप लागली होती, आणि आवाज एवढा खाली गेला होता की मला दोन पावलं पुढे जावं लागलं.

"दाजी, तुमचा बैल म्या मारला. बटण म्या फिरवलं, आन टाळ्या घ्यायला निघून गेलो. पानी द्या."

दाजींचे हात थांबले. त्यांनी कासरा बाजूला ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग आत तोंड करून म्हणाले, "अगं ए, तुझा भाऊ आलाय. पानी आन." सुमन तांब्या घेऊन लगेच दारात आली, म्हणजे ती तिथेच दाराआड उभी होती. साडूंनी तांब्या वर धरून पाणी प्यायला सुरुवात केली, पण निम्मं बंडीवर सांडलं. रीतीप्रमाणे यानंतर त्या बैलाचं नाव निघायला नको होतं. पण दाजीच हळूच म्हणाले की लई गुणाचा होता. साडू व्हय म्हणाले, आणि मग सगळी दुपार हे दोघं त्या बैलाबद्दलच बोलत बसले. कसा चालायचा, कसा एका हाकेसरशी वळायचा, लहानपणी एकदा कुणाच्या परड्यात शिरला होता. साडूंचे डोळे वाहत होते, आणि दाजी त्यांना बैलाची एकेक खोड सांगत होते. सुमननं चहा केला, पोहे केले, पुन्हा चहा केला. तिनं एवढंच म्हटलं, "दादा, येवढं म्हनायला किती येळ लावलास रं."

परतताना आम्ही ओढ्यात उतरलो. पाणी घोटाएवढं होतं. साडू मध्येच थांबले आणि मला वाटलं दम खातायत. पण ते म्हणाले, आपल्या तहात एक कलम राहून गेलं, साडूभाऊ. ज्या देशाला असलं यंत्र ठेवायचं असेल, त्यानं आधी आपली एक बहीण पलीकडे द्यावी. मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी वळून वर बघितलं. सुमन अंगणाच्या कडेला येऊन उभी होती, उन्हासाठी कपाळावर हात धरून.

"चला की," मी म्हणालो.

"थांबा वाईच," ते म्हणाले. "ती आत गेली की निघू."

वर ती हलेना. आम्ही आमच्या काठाला चढून दिसेनासे झालो की आत जावं, असं तिच्या मनात असणार. ओढ्याचं पाणी पायांवरून जात होतं, ऊन डोंगराआड उतरायला लागलं होतं, आणि ती आधी जाईल म्हणून हे, हे आधी जातील म्हणून ती, अशी दोघं भाऊबहीण आपापल्या जागी उभीच राहिली.